तंबाखूचा कायदा गावात आला, त्याचा हिशेब कुणाकडं?



मागच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेला मी हजर होतो. गाव कागल तालुक्यातलं, कर्नाटकच्या हद्दीला लागून. झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटून झाली आणि शाळेच्याच व्हरांड्यात सभा बसली. घरकुल, पाणीपट्टी, गटार असे नेहमीचे विषय संपले. शेवटी आयत्या वेळचे विषय निघाले तेव्हा बायकांच्या घोळक्यातून एक आक्का उठल्या. नातू सहावीत शिकतो. त्याच्या दप्तरात माव्याची पुडी सापडली होती.

"शाळंसमोर तंबाखू इकायला बंदी हाय म्हणं," आक्का म्हणाल्या. "मग दंड कोण करतंय? आन् आजपतोर किती जणास्नी केला, त्येवढं सांगा."

सरपंचताईंनी भाऊसाहेबांकडं बघितलं. (भाऊसाहेब म्हणजे आपले ग्रामसेवक. २०२४ पासून त्यांच्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण गावाच्या तोंडात भाऊसाहेबच.) भाऊसाहेबांनी मुख्याध्यापकांकडं बघितलं. मुख्याध्यापकांनी खिडकीतून बाहेर, समोरच्या टपरीकडं बघितलं. कुणी म्हणालं, ते पोलिसांचं काम. कुणी म्हणालं, अन्न आणि औषधवाल्यांचं. शेवटी सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. "सायेब, तंबाखू म्हंजी शेतीचा माल. तुमचंच खातं की!"

सभा हसली. मीही हसलो. पण उत्तर मलाही देता आलं नव्हतं. घरी आल्यावर कायदा, नियम आणि जुने कागद काढून बसलो. त्यातून जे हाताला लागलं ते आज आपल्यापुढं ठेवतो.

आधी माझी बाजू सांगून टाकतो, नाहीतर "ह्याला तंबाखूचं काय कळतंय" असं वाटायचं. आमच्या वडिलांनी माळावर विडीचा तंबाखू केला. माझ्या कृषी पदविकेची फी निपाणीच्या व्यापाऱ्यानं दिलेल्या पट्टीतून भरली गेली. आणि ज्या चुलत्यांनी मला तरू टाकायला शिकवलं, त्यांचा उजवा जबडा पुढं ऑपरेशनमध्ये काढावा लागला. गालात तंबाखूचा बार धरून ते पाणी पाजायचे. त्यामुळं या पिकाला मी शिव्या देऊ शकत नाही आणि त्याची आरतीही करू शकत नाही.

कायदा काय म्हणतो

सिगारेट व अन्य तंबाखूजन्य पदार्थांचा कायदा २००३ साली झाला आणि १ मे २००४ पासून लागू झाला. त्याचं कलम ४ सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करतं. त्याचे आजचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासूनचे आहेत. कलम ५ जाहिरातीला मनाई करतं. कलम ६ चे दोन भाग आहेत आणि गावाच्या दृष्टीनं तेच महत्त्वाचं कलम. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखूचा कोणताही पदार्थ विकायचा नाही आणि त्याच्या हातून विकवून घ्यायचाही नाही, हा पहिला भाग. शाळा-कॉलेजच्या आवारापासून शंभर यार्डांच्या आत विकायचा नाही, हा दुसरा.

शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर, आपल्या भाषेत तीनशे फूट. हे अंतर मोजायचं कुठून यावर भांडणं होतात. फाटकापासून रस्त्यानं वळसा घालून मोजायचं नाही. नियमात स्पष्ट आहे की शाळेच्या कुंपणाच्या किंवा भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून, सगळ्या बाजूंनी, सरळ रेषेत मोजायचं. म्हणजे मागच्या गल्लीतली टपरी रस्त्यानं पाचशे फूट असली, तरी भिंतीपासून दोनशे फुटांवर असेल तर ती हद्दीत आली. शाळेनं बाहेर तसा फलकही लावायचा आहे. दुकानदारानं १८ वर्षांखालील मुलांना विक्री नाही, असा ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावायचा आहे. आपल्या गावात असा फलक कितव्या दुकानात दिसतो, ते जाता-येता बघा.

आता आक्कांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. कलम ६ मोडणाऱ्यावर कारवाई कुणी करायची याची यादी केंद्र सरकारनं अधिसूचनेत दिली आहे. तीत पोलिस उपनिरीक्षक व त्यावरचे अधिकारी आहेतच. पण त्याच यादीत शाळेचे मुख्याध्यापक आहेत, शिक्षण खात्याचे अधिकारी आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आहेत, गटविकास अधिकारी आहेत आणि पंचायत राज संस्थांचे प्रतिनिधी, म्हणजे सरपंच व पंचायतीचे सचिव आहेत.

मंडळी, जरा थांबून बघा. त्या दिवशी व्हरांड्यात जे एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते, ते सगळे यादीत होते. यादीत नव्हतो तो मी एकटा!

हे मी कुणाला टोमणा म्हणून लिहीत नाही. सरपंचाला हा अधिकार आहे हे सरपंचाला कुणी कळवलेलं नसतं. भाऊसाहेबांच्या मागं आधीच एवढे दाखले, उतारे आणि योजनांचे अर्ज असतात की हा कागद आला असला तरी फायलीच्या तळाला गेलेला असतो. आणि गावात दंड करायचा म्हणजे सोपं नाही. टपरीवाला भावकीतला असतो, नाहीतर मतदार असतो. पण कायद्यानं अधिकार दिला म्हणजे जबाबदारीही दिली, आणि जबाबदारी दिली म्हणजे तिचा हिशेब मागायचा हक्क गावाला आला.

दोनशे रुपये आणि सात वर्षं

या कलमाखाली दंड आहे दोनशे रुपयांपर्यंत. २००३ सालचे दोनशे आजही दोनशेच. ज्या टपरीचा दिवसाचा धंदा हजारांत आहे तिला या दंडाची भीती काय वाटणार? हद्दीपलीकडं कर्नाटकानं आपल्यापुरती दुरुस्ती करून २०२५ मध्ये खरेदीचं वय २१ वर नेलं आणि दंड हजार रुपयांपर्यंत वाढवला. म्हणजे निपाणीच्या दुकानात एक वय आणि कागलच्या दुकानात दुसरं.

पण दुसरा एक कायदा आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ सांगतं की मुलाला दारू, अंमली पदार्थ किंवा तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एकच कृत्य, एका पुस्तकात दोनशे रुपये आणि दुसऱ्या पुस्तकात सात वर्षं. यात गावानं काय समजायचं? माझं मत विचाराल तर टपरीवाल्याला आधी हे कलम ७७ वाचून दाखवावं. दोनशेच्या पावतीपेक्षा तेवढंच जास्त काम करील. "मला म्हाईत न्हवतं" असं म्हणायला त्याला जागा उरू नये.

गुटखा बंद, मावा चालू

गुटख्याचं पुराण आपल्याला माहीत आहे. महाराष्ट्रानं २००२ साली पहिल्यांदा गुटखा बंद केला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात ती बंदी टिकली नाही, कारण ज्या जुन्या कायद्याखाली ती घातली होती त्यात राज्याला तसा अधिकार नव्हता. पुढं नवा अन्नसुरक्षा कायदा आला. अन्नपदार्थात तंबाखू व निकोटीन घालायचं नाही असा नियम २०११ साली झाला आणि जुलै २०१२ मध्ये राज्यानं पुन्हा बंदी घातली. नंतर सुगंधित तंबाखू, खर्रा, मावाही त्यात आला.

या बंदीची एक खुबी आहे. ती अन्नसुरक्षा आयुक्तांच्या आदेशानं एका वर्षापुरती असते आणि दरवर्षी नव्यानं काढावी लागते. आता तुम्ही-आम्ही विहिरीचं वीजबिल भरायला जातो तेव्हा मागची थकबाकी आधी विचारतात. तसं या आदेशाला दरवर्षी विचारायला नको का, की बाबा, मागच्या वर्षी किती छापे झाले, किती माल धरला, किती खटले उभे राहिले आणि किती जणांना शिक्षा झाली? तालुक्याचा हा आकडा पंचायत समितीच्या आमसभेत वाचून दाखवायला काय हरकत आहे? खताच्या दुकानाची तपासणी किती झाली हे आम्हाला विचारतात, आणि आम्ही सांगतो. मग हेही सांगितलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट. सिगारेटच्या पाकिटावर १ एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजूंना ८५ टक्के जागेत भयंकर चित्र असतं. चांगली गोष्ट आहे. राज्यानं सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट-विडी विकायला बंदी केली, ती त्याचसाठी. सुटी घेतली की चित्र दिसत नाही. पण आपल्या राज्यात सिगारेट ओढतंय कोण? २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या दर शंभर माणसांत सुमारे २७ जण तंबाखू घेणारे निघाले. त्यात धूर काढणारे चारही भरले नाहीत. खाणारे, मळणारे, मिश्री लावणारे मात्र चोवीसच्या वर होते. म्हणजे आपला तंबाखू दिसतो बाजाराच्या दिवशी, गोणपाटावर ढीग घातलेला. तो तराजूनं मोजून कागदात बांधून मिळतो. त्या कागदावर चित्र कसलं? आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र असतं, कदाचित हेच! आमच्या आया-बहिणी तव्यावर भाजून मिश्री करतात, त्या तव्यावर इशारा कोण छापणार? कायदा पाकिटाकडं बघतो आणि गाव ढिगातनं घेतं. हे सांगायला कुणी दिल्लीला जात नाही, म्हणून ते तसंच राहतं.

पान मोजणारं सरकार

आता तंबाखू पिकवणाऱ्यांकडं येतो.

सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांना विचारा, एक्साईजचा इन्स्पेक्टर कसा असायचा. कच्च्या तंबाखूवर १९४३ पासून केंद्राचं अबकारी शुल्क होतं. किती क्षेत्रात लावण केली, किती माल निघाला, तो कुठं ठेवला आणि कुणाला विकला, या सगळ्याची नोंद द्यावी लागायची. आमचे वडील सांगायचे, परवान्याशिवाय तंबाखूचं बोचकं गावाबाहेर काढायची छाती नव्हती. हे शुल्क १९७९ साली रद्द झालं. पुढं दोनच वर्षांनी, १९८१ च्या मार्च-एप्रिलात, दर मिळत नाही म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीला शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे जीव गेले. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत ती आठवण अजून ताजी आहे.

सांगायचा मुद्दा हा, की कर घ्यायचा होता तेव्हा सरकारला पानापानाचा हिशेब ठाऊक होता. आज सरकार म्हणतं, तंबाखू कमी करा, दुसरं पीक घ्या. मग आज पानाचा नाही, निदान शेतकऱ्याचा तरी हिशेब असायला नको का?

भारतानं २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला मान्यता दिली. त्या कराराच्या कलम १७ मध्ये लिहिलं आहे की तंबाखू पिकवणारे, मजूर आणि छोटे विक्रेते यांना परवडणारा दुसरा धंदा मिळावा म्हणून सरकारांनी मदत करायची. हे वचन आपल्या नावानं दिलेलं आहे. त्याला धरून २०१५-१६ पासून केंद्रानं पीक विविधीकरण कार्यक्रम तंबाखूच्या दहा राज्यांत नेला. त्यात महाराष्ट्रही आहे. बियाणं, प्रात्यक्षिकं, अवजारं, सिंचन अशा बाबी त्यात येतात.

मी एका कार्यालयात सहज विचारलं, या भागात किती तंबाखू उत्पादकांना याचा लाभ झाला? उत्तर मिळालं, "तंबाखू आमच्या यादीत दिसत नाही. सातबाऱ्यावर सोयाबीन आहे." खोटं नव्हतं ते. आपण पीक नोंदवताना मागच्या वर्षीचंच पुढं ओढतो, किंवा विम्यासाठी सोयाबीन लावतो, आणि रानात तंबाखू उभा असतो. शेतकरी बंधूंनो, इथं मात्र चूक आपलीही आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीत आपण स्वतः मोबाईलवर पीक नोंदवू शकतो. तंबाखू असेल तर तंबाखूच नोंदवा. हे पीक घेणं गुन्हा नाही. नोंद नसेल तर उद्या पर्यायी पिकाची मदत मागायला तुमच्याकडं कागद काय? आणि सरकारला "तिथं तंबाखूच नाही" असं म्हणायची सोय आपणच करून देतो.

पर्यायाचं बोलतो, कारण ते माझं रोजचं काम आहे. सभेत लोक विचारतात, "तंबाखू सोडला तर काय लावू, एक पीक सांगा." एक पीक नाही. जे सांगतात ते फसवतात. विडीचा तंबाखू माळाच्या हलक्या-मध्यम रानात, जेमतेम पाण्यावर येतो. जून-जुलैत तरू टाकायचं, ऑगस्ट-सप्टेंबरात लावण, मग शेंडा खुडणी, फुटवे काढणी, आणि जानेवारी-फेब्रुवारीत कापणी. जनावर त्याला तोंड लावत नाही. वाळला की घरात ठेवता येतो, भाजीसारखा दोन दिवसांत सडत नाही. व्यापारी हंगामाआधी उचल देतो. हे गुण दुसऱ्या एका पिकात एकत्र मिळत नाहीत, हे खात्यानं आधी मान्य केलं पाहिजे.

पण त्याची दुसरी बाजूही वहीत मांडा. खुडणी आणि फुटवे काढणीला मजूर किती लागतो? एकाच रानात वर्षानुवर्षं केला की बंबाखू माजतो, तो वेगळाच ताप. दंवानं ओल्या पानात सकाळी हात घातला की मळमळ, चक्कर, उलटी होते. तंबाखू लागला म्हणतात तो हाच. निकोटीन कातडीतून अंगात जातं. गरोदर बाईला आणि पोराला या कामावर पाठवू नका, हे मी हात जोडून सांगतो. आणि वखारीत तंबाखूच्या खकाण्यात बसणाऱ्या बायकांच्या खोकल्याची पट्टी कुणी लावलेली नाही.

वेदगंगा-दूधगंगेच्या काठाला पाणी आलं तिथं ऊस गेला, तंबाखू आपोआप हटला. त्याला ना आरोग्य खातं लागलं ना आमचं. प्रश्न माळाचा आहे. तिथं सोयाबीनवर हरभरा किंवा शाळू, भुईमूग, मिरची, थोडा भाजीपाला आणि दारात दोन दुभती जनावरं, असा मेळ घातला तर हिशेब जुळतो, असं मी चार-पाच घरांत बघितलं आहे. पण त्यासाठी एक शेततळं किंवा सामाईक पाइपलाइन लागते, आणि पहिली दोन वर्षं उचल देणारं कुणीतरी लागतं. व्यापाऱ्याची उचल सुटत नाही तोवर तंबाखू सुटत नाही. हे काम सोसायटीचं आहे आणि बँकेचं आहे. पर्यायी पीक म्हणजे बियाण्याची पिशवी वाटून फोटो काढणं नव्हे. (असे फोटो मीही काढले आहेत. कबूल करतो.)

एका गाड्याला पाच बैल

सरकार म्हणजे एक माणूस नव्हे. आरोग्य खातं म्हणतं, तंबाखू नको. वाणिज्य खात्याखाली गुंटूरला तंबाखू मंडळ आहे, १९७५ च्या कायद्यानं झालेलं. ते सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूची नोंदणी, लिलाव, निर्यात बघतं. आपला विडीचा तंबाखू त्याच्या लिलावात येत नाही, म्हणजे तो आधारही आपल्याला नाही. शेतीची संशोधन केंद्रं तंबाखूच्या जाती काढत आली आहेत. सरकारी आयुर्विमा महामंडळाकडं देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे पंधरा टक्क्यांच्या आसपास शेअर आहेत. आणि अर्थखात्याला कर पाहिजे. एका गाड्याला पाच बैल पाच दिशांना जुंपले, तर गाडा जाणार कुठं?

कराचंच बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेनं सिगारेट, गुटखा, चघळायचा तंबाखू ४० टक्क्यांच्या गटात न्यायचं ठरवलं आणि विडीवरचा कर मात्र २८ वरून १८ वर आणायचं ठरवलं. विडी कामगारांच्या पोटासाठी, असं म्हणतात. मान्य. मग त्याच कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ पासून विडीवर वेगळा उपकर होता. त्यातून दवाखाने, पोरांच्या शिष्यवृत्त्या, घरं व्हायची. तो उपकर २०१७ मध्ये जीएसटी येताना का काढला? सोलापूरच्या, सिन्नरच्या, निपाणीच्या बायका विड्या वळतच आहेत. आता त्यांच्या दवाखान्याचा पैसा कुठून येतो आणि किती येतो, हे लोकप्रतिनिधींनी सांगावं.

आणि हिशेब मागायची जागाच आपल्याला दिली जात नाही, हेही एक दुखणं आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला या कराराच्या देशांची मोठी परिषद झाली. तंबाखू उत्पादक बाहेर निदर्शनं करत होते, आणि आत चर्चेला पत्रकारांनाही बसू दिलं नाही. कारण असं, की कंपन्या आपली माणसं शेतकऱ्याच्या नावानं आत घुसवतात. हे कारण पोकळ नाही. कंपन्यांपासून धोरण दूर ठेवा असं त्या करारातच कलम आहे. पण कंपनीचा माणूस आणि माळावरचा शेतकरी यातला फरक ओळखायला काही फार मोठी विद्या लागत नाही. हाताकडं बघितलं की कळतं.

ग्रामसभेत काय विचारायचं

दिल्ली लांब आहे. ग्रामसभा दारात आहे. वर्षाला निदान चार सभा कायद्यानं घ्याव्याच लागतात. तिथं लेखी प्रश्न द्या आणि तो इतिवृत्तात घ्यायला लावा. आमच्या शाळेपासून तीनशे फुटांत किती दुकानं आहेत? दंडाचं पावती पुस्तक कुणाच्या ताब्यात आहे? मागच्या वर्षी किती पावत्या फाटल्या आणि रक्कम कोणत्या खात्यात भरली? तोंडी उत्तर आलं तर ते लेखी मागा. नाहीच मिळालं तर २००५ चा माहिती अधिकार आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज द्या, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पर्यायी पिकाच्या योजनेचा प्रश्न आमच्या खात्याला विचारा. मला राग येणार नाही, उलट वरिष्ठांकडं पाठवायला माझ्या हातात कागद येईल.

आणि ज्यांना स्वतःला तंबाखू सोडायचा आहे त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत फोन आहे. मी स्वतः रानातल्या गप्पांत मळून खायला शिकलो. कुणी हातावर चिमूट दिली तर नाही म्हणणं हा अपमान वाटायचा. आता सुपारीची खांडं खिशात ठेवतो, तीही फार चांगली नव्हेत असं डॉक्टर सांगतात. असो.

त्या गावाचं पुढं काय झालं ते सांगतो. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सरपंचताई, मुख्याध्यापक, भाऊसाहेब आणि मी, शेततळं आखायची माझी टेप घेऊन शाळेच्या भिंतीपासून मोजायला निघालो. सहावी-सातवीची पोरं मागं. समोरची टपरी १४० फुटांवर निघाली. मारुतीच्या देवळाजवळचं किराणा दुकान २१० फुटांवर. तिसरं दुकान एका सदस्याच्या भावाचं. तिथं टेप धरायला कुणी पुढं येईना, तेव्हा सरपंचताईंनी स्वतः टोक धरलं. २८५ फूट! पोरांनी चुन्यानं रेघ ओढली.

टपरीवाला बाहेर आला. एका पायानं अधू माणूस. आधी निपाणीच्या वखारीत हमाली करायचा. म्हणाला, "सायेब, तंबाखू काढून टाकतो उद्या. पण मग ठेवू काय? चहाची गाडी टाकायला म्हटलं तर पंचायत जागा देती का?" करारातल्या कलम १७ मध्ये छोटे विक्रेतेही आहेत, हे मला तिथं उभ्या-उभ्या आठवलं. त्याचा अर्ज भाऊसाहेबांनी त्याच दिवशी घेतला आहे. कलम ७७ ची प्रत मुख्याध्यापकांनी तिन्ही दुकानांत नेऊन दिली.

पावती पुस्तकासाठी ग्रामपंचायतीनं वर लेखी मागणी केली आहे. हे लिहीपर्यंत पुस्तक आलेलं नाही. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यायचं ठरलं आहे, आणि पुढच्या ओळीतली खुर्ची आपल्यासाठी धरून ठेवा, असा निरोप आक्कांनी आत्ताच धाडला आहे.